वरच्या वाटेनं येणारे काका

सगळी माणसं पुढच्या दारानं येतात, चोर मागच्या दारानं येतात आणि आमच्या शेजारचे काका वरून येतात. त्यांनी कुणाच्या दाराची कडी वाजवली आहे, बाहेर उभं राहून ‘आहे का कुणी घरात’ असं विचारलं आहे, हे गल्लीतल्या कोणत्याही हयात माणसानं पाहिलेलं नाही. आपण जेवायला बसावं, पहिला घास हातात घ्यावा, आणि जिन्यावरून आधी दोन अनवाणी पाय, मग पायजमा, मग बंडी, मग खांद्यावरचा टॉवेल आणि सगळ्यात शेवटी काकांचं तोंड उतरत यावं, ही आमच्याकडची रीत. पाहुणे दचकतात. आम्ही पाट सरकवतो.

हे समजायला आमची गल्ली समजली पाहिजे. आम्ही जुन्या जालन्यात राहतो. पुलापलीकडची माणसं आमच्या भागाला ‘ऐतिहासिक’ म्हणतात. ऐतिहासिक म्हणजे जिथं कार येत नाही, गॅसचं सिलिंडर खांद्यावरून आणावं लागतं आणि नवरदेवाला कोपऱ्यावरच घोड्यावरून उतरून पायी यावं लागतं. समोरासमोरच्या बायका आपापल्या ओट्यावर बसून एकाच सुपातले गहू निवडू शकतील, इतकी ही गल्ली रुंद आहे. घरं एकमेकांना खेटून, भिंती सामाईक आणि वर माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेली सपाट छतं. एकाचं माळवद कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं, हे वर्षातून एकदा माती टाकायची वेळ आली की भांडण होऊनच कळतं. बाकी वर्षभर वर एक मोकळं मैदान असतं, आणि त्या मैदानाचे सम्राट आमचे काका.

काका मूळचे कुंभार पिंपळगावचे. शेती अजून तिकडंच आहे, पण घर दोन पिढ्यांपासून इथं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बदनापूरला एका कचेरीत काढली, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. निवृत्त झाल्यावर पायांची सवय तेवढी राहिली आणि जायला ठिकाण उरलं नाही. मग त्यांनी माळवद धरलं. खालच्या गल्लीवर त्यांचा भारी राग. “खाली काय हाय? मोटारसायकली, गटार अन् कुत्रे,” असं ते म्हणायचे. “वर बिलकुल शांती.” ती शांती ते स्वतःच दिवसभर मोडत हिंडत, ही गोष्ट वेगळी. वाळत घातलेल्या पापडांची ते जाता जाता उलटापालट करत. कुणाची गोधडी वाऱ्यानं उडाली तर तिच्यावर दगड ठेवत, आणि तो दगड शेजाऱ्याच्या मिरच्यांवरून उचललेला असे. माळवदावर चपला घालून चालणारा माणूस त्यांच्या लेखी रानटी. एकदा डिश अँटेना बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी बूट काढायला लावले आणि मग सबंध वेळ ते बूट हातात धरून उभे राहिले, परत घालून फिरू नये म्हणून.

जुन्या स्वयंपाकघरांना उजेडासाठी छतात एक भोक ठेवलेलं असतं, त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. आमच्या बायकोच्या नशिबी ते बरोबर चुलीच्या वर आलं होतं. ती भाजी चिरायला बसली की साण्यातला उजेड एकदम जाई. ढग आला असं समजून आमच्याकडं आलेली एक मावशी वाळवण गोळा करायला धावली होती. पण तो ढग नसे, काकांचं डोकं असे.

“दोडके करून राह्यली का?” वरून आवाज.

“हो काका.”

“शेंगदाण्याचं कूट घाल. मागच्या टायमाला जरा कमीच पडल्तं.”

बायको एकदा वैतागून म्हणाली, “काका, एक तर खाली या, नाही तर वर राहा. असं मधे लटकू नका.” काकांना ते आमंत्रण वाटलं आणि ते जेवायला खाली आले. कूट त्यांच्या मनासारखं होतं. त्यांनी दोनदा भाजी घेतली.

आमचा भाग ऐतिहासिक असल्याचा सगळ्यात जास्त अभिमान काकांना, आणि इतिहासाची माहिती सगळ्यात कमी, तीही काकांनाच. एका रविवारी एक हौशी मंडळ जुनी घरं दाखवायला पोरापोरींचा जथा घेऊन आलं. त्यांचा म्होरक्या आमच्या दारासमोर उभा राहून दारावरच्या कोरीव कामाचं कौतुक करत होता. मीही ओट्यावर जरा ताठ बसलो होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, “ते दार जुनं न्हाई. ते ह्याच्या बापानं आष्टीच्या बाजारातून आणल्तं. जुनं पाह्यचं तर वर या.” आणि तो सगळा जथा माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच जिन्यानं माझ्याच माळवदावर गेला. काकांनी त्यांना वर काय इतिहास सांगितला देव जाणे, पण खाली आमच्या वरणात मूठभर इतिहास पडला. संध्याकाळपर्यंत तुळयांच्या फटीतून माती गळत होती. त्या दिवशी बायको पहिल्यांदा म्हणाली की आता स्लॅब टाकू. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे पुढची काही वर्षं.

एवढं सगळं सांगितलं, पण काका रोज सकाळी नेमके कुठं निघालेले असत ते सांगायचं राहिलं. आमच्या एका अंगाला काकांचं घर आणि दुसऱ्या अंगाला त्यांच्या थोरल्या भावाचं. मधे आम्ही. थोरल्यांना आम्ही मोठे काका म्हणतो. हे दोघं भाऊ जन्मापासून सकाळचा चहा एकत्र पीत आलेले. पुढं मोठ्या काकांच्या मुलीच्या लग्नात फेटे कमी पडले. वरपक्षाच्या लोकांना बांधून झाले, गावाकडच्या भावकीला झाले, आणि मुलीचे सख्खे चुलते, म्हणजे आमचे काका, मंगलाष्टकांना उघड्या डोक्यानं उभे राहिले. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, फेट्याचं काय एवढं. पण मानपान ज्यांना कळतो त्यांच्या अंगावर हे वाचूनच काटा आला असेल. अक्षता पडल्या, आणि भर मांडवात काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “दादा, आजपासून तुमच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची पंचाईत झाली. शब्द तर दिलेला, तोही मांडवात, देवाब्राह्मणासमोर. आणि चहाची तर वेळ झालेली. काकूंनी घरी केलेला चहा त्यांना चहा वाटेना. मग ते माळवदावर चढले, आमचं छत ओलांडलं आणि मोठ्या काकांच्या जिन्यानं थेट त्यांच्या माजघरात उतरले. मोठे काका खाटेवर बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, “उंबऱ्यावर पाय ठेवला का?” काका म्हणाले, “न्हाई.” “मंग बस,” मोठे काका म्हणाले. भांडण मिटलं नाही आणि चहाही चुकला नाही. फेट्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. थोरल्यानं चूक कबूल करायची नाही आणि धाकट्यानं शब्द मोडायचा नाही, अशी ती व्यवस्था, आणि ती चालायची आमच्या डोक्यावरून.

तर त्या व्यवस्थेच्या मुळावर आलो आम्ही. बघू-बघू म्हणता एक तुळई वाकली. मिस्त्रीनं काठीनं टोचून पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, आता टेका देऊन भागणार न्हाई.” सगळं उतरवून स्लॅब टाकायचा, वर मुलासाठी खोली काढायची, असं ठरलं. म्हणजे दोन माळवदांच्या मधे आमची एक मजलाभर उंच भिंत. ठरलं तेव्हा मला आधी घराची आठवण झाली नाही, काकांची झाली. मोठ्या काकांचे गुडघे गेलेले, ओट्याच्या पायऱ्याही त्यांना उतरवत नाहीत. ते कुठं येणार? आणि काका कसे जाणार? दुसऱ्या सकाळी ते आमच्याकडं उतरले तेव्हा मी त्यांना सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. “बांध,” ते म्हणाले. “घर तुझं हाय. जल्दी बांध, पोरांच्या अंगावर पडंल एखाद्या दिवशी.” एवढं बोलून ते माझ्या बायकोनं दिलेला पोहे-चहा घेऊन नेहमीसारखे वरून निघून गेले.

स्लॅब पडला, भिंती चढल्या. मी मिस्त्रीला विचारून एक उपाय काढला होता: काकांनी आमच्या नव्या जिन्यानं वर जायचं आणि पलीकडं मोठ्या काकांच्या माळवदावर शिडीनं उतरायचं. काकांनी तो एकदाच करून पाहिला. या वयात माणसानं शिडीवर पाठमोरं उतरायचं असतं हे त्यांना पटलं नाही, ते तोंड पुढं करून निघाले आणि अर्ध्यात अडकले. वरही येईनात, खालीही जाईनात. खाली मोठ्या काकू हात वर करून उभ्या, वर मी त्यांचा टॉवेल धरून ओणवा. मिस्त्रीनं त्यांना अक्षरशः मिठी मारून वर घेतलं. काका अंग झाडत म्हणाले, “शिडी बराबर न्हाई.” त्यानंतर ते त्या वाटेला गेले नाहीत.

मग काका खाली दिसू लागले. रोज सकाळी आमच्या दारासमोरच्या वाळूच्या ढिगावर येऊन बसायचे आणि मिस्त्रीला सल्ले द्यायचे. पण सल्ल्यांत जीव नव्हता. सिमेंट-वाळूचा माल पातळ झाला तरी बोलत नसत. मोठ्या काकांचं दार तिथून दहा पावलांवर, उघडं. आत खोकल्याचा आवाज आला की काका मला विचारायचे, “दादाचा खोकला वाढला काय रे?” मी मोठ्या काकांकडं गेलो की ते विचारायचे, “तो तिथं उन्हात काय करून राह्यला?” मी इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगत होतो. दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत होतं, तरी सांगत होतो. मी एकदा धीर करून काकांना म्हटलं की सोडा ना आता तो शब्द. “मांडवात बोलल्तो मी,” ते म्हणाले. “चार लोकांत बोलल्यालं परत कसं घेणार?” मला त्यांचा राग आला. आमच्या नव्या भिंतीचाही आला, आणि भिंत तर मीच बांधली होती.

असेच दिवस चालले असताना एका सकाळी मोठ्या काकांनी आमच्या मिस्त्रीला बोलावून घेतलं. काय काम आहे म्हणून मीही मागं गेलो. मोठे काका खुर्ची ओढून दारात बसले होते. “हा उंबरा काढून टाक,” ते म्हणाले.

मिस्त्रीनं पहार भिंतीला टेकवली. “मालक, उंबरा कुणी काढतं का? घराची लक्ष्मी हाय ती. दुसरं कायबी सांगा.”

“दार माझं हाय, उंबरा माझा हाय,” मोठे काका म्हणाले. “तू काढ.”

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, मी मोठ्या काकूंकडं. ज्या उंबऱ्यावर त्या लग्न होऊन आल्यापासून रोज हळदीकुंकू वाहत होत्या त्याच्याशेजारी त्या उभ्या होत्या. त्या वाकल्या, चिमटीनं हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि बाजूला झाल्या. सागवानी उंबरा, मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. पहारीला तो सहजासहजी दाद देईना. काम चालू असताना मोठे काका खाली बघत हळूच म्हणाले, “फेटे मीच मोजून घ्यायला पाह्यजे होते. दुसऱ्यावर सोडलं, ते चुकलं माझं.” ते कुणाला उद्देशून होतं कळलं नाही. वाळूच्या ढिगावर बसलेल्या माणसाला ऐकू जावं इतपत मोठं मात्र होतं.

उंबरा निघाला. मिस्त्रीनं खाच सिमेंटनं भरून जमिनीबरोबर केली. मोठे काका मला म्हणाले, “त्याला सांग, पाय ठेवायला आता उंबरा ऱ्हायला न्हाई.” मी वळून काकांना सांगितलं. त्यांनी सगळं पाहिलंच होतं. ते टॉवेलनं तोंड पुसत होते, नको तितका वेळ. मग म्हणाले, “सिमेंट वलं हाय अजून. वाळू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, डोक्यावर टोपी ठेवून आपल्या दारातून बाहेर पडले. गल्लीतली सगळी माणसं ओट्यावर काही ना काही निवडत बसली होती आणि कुणीही काही निवडत नव्हतं. आमची बायको माझ्या मागं उभी होती. काका आमच्या दारावरून गेले, आमच्याकडं न बघता. मोठ्या काकांच्या दारात थांबले. खाली सिमेंटचा नुसता करडा पट्टा होता. आतून आवाज आला, “ये.”

काकांनी उजवा पाय उचलला. उंबऱ्याला लागू नये म्हणून जेवढा उचलतात तेवढा, चांगला वर, आणि अलगद आत ठेवला. मग डावाही तसाच.