टोपीच्या आतला काळा टाका

डिचोलीच्या ज्या पतसंस्थेत मी नोकरी करते, तिथे मला पाठीमागे ‘टोपीवाली’ म्हणतात. पाठीमागे बोललेलं मला समोर बोलल्यासारखंच ऐकू येतं, कारण आमच्या हापिसात भिंती नाहीत, कपाटं आहेत. पन्नाशीला टेकलेली, लग्न न झालेली बाई जुन्यापान्या टोप्या आणि कुणाकुणाचे उतरलेले कपडे मागवते, तेही फोनवरच्या लिलावातून, तेही साता समुद्रापलीकडून, म्हटल्यावर लोकांना चघळायला विषय मिळतो. “हौसेला मोल नसतं हो,” असं एक सहकारी दर पार्सलाला म्हणतो आणि दर वेळी स्वतःच हसतो. मी त्याला कधी खुलासा दिला नाही. हौस असती तर दिला असता.

माझा जन्म हरमलचा. घरामागे दोन खोल्या होत्या, विदेशी लोकांना भाड्याने द्यायला. बाबा मुरगावच्या गोदीत कामाला, ते आठवड्याने यायचे. म्हणजे घर, खोल्या, मी आणि ते विदेशी, असा सगळा गाडा आई एकटी ओढायची. तिच्याकडे पायाचं शिलाई मशीन होतं. खोलीतल्या बायका आधी उसवलेले कपडे शिवायला द्यायच्या. मग एकदा तिने त्यांच्यातल्या एकीला उन्हाने लालबुंद झालेली पाहून जुन्या लुगड्याची घेरदार टोपी शिवून दिली. ती बघून दुसरीला हवी झाली, मग तिसरीला. त्या वर्षांत हरमलच्या वाळूत अंगावर जेमतेम कपडा असलेल्या गोऱ्या बायका डोक्यावर आमच्या घरच्या लुगड्यांचे काठ मिरवत हिंडायच्या. गावातले म्हातारे नाक मुरडायचे आणि वाट वाकडी करून बघूनही जायचे.

शिवलेल्या प्रत्येक कपड्यात आई आतून काळ्या दोऱ्याचा टाका घालायची. दोन उभे, एक आडवा, आणि आडव्याचं टोक न कापता मोकळं सोडलेलं. झग्याला डाव्या काखेखाली, टोपीला डाव्या कानाच्या वर. तान्ह्या पोराला तीट लावतात, तसं. चांगल्या वस्तूत एक खोट आपणच ठेवायची, मग दृष्ट लागत नाही, असं तिचं म्हणणं. विदेशी बाईला दृष्ट कोण लावणार, हा प्रश्न तिला पडत नसे. माझ्या झग्यातलं ते मोकळं टोक मला टोचायचं, खाज यायची, मी तक्रार करायचे. ती म्हणायची, “टोचता म्हणजे आसा म्हणान समज.”

मी सात वर्षांची असताना स्टोव्हचा भडका उडून आई गेली. मला एवढंच सांगितलं गेलं आणि मोठी झाल्यावरही मी जास्त विचारलं नाही. माझ्या लोकांत अशा मरणाला फार भितात. असं गेलेलं माणूस घराभोवती घोटाळत राहतं, त्याच्या वस्तूंना धरून राहतं, अशी समजूत. म्हणून बारावं व्हायच्या आत तिचं होतं नव्हतं ते सगळं घराबाहेर गेलं. साड्या, चोळ्या, कात्री, बटणांचा डबा. मशीन कुणीतरी नेलं. तिच्या हातचे माझे झगेही गेले. जो घालून मी रडत लोळले होते तो अंगावरचा पिवळा झगासुद्धा काढून घेतला. सगळं समुद्रात सोडलं म्हणे. फोटो एकच होता, लग्नातला, त्यात तिचा चेहरा पदराखाली.

बाबांनी पुढे मुरगावातच दुसरं लग्न केलं. मला त्यांच्या विधवा बहिणीने, माझ्या आतेने, डिचोलीजवळ लाटंबार्शाला आपल्या घरी नेलं. तिने मला वाढवलं, शिकवलं, आजारपणं काढली. तिच्या नुसत्या घरात नाही, तिच्या पोटाशी मी वाढले, हे मी कुणालाही सांगेन. आईविषयी मात्र त्या घरात कधी शब्द निघाला नाही. आते तिचं नाव घेत नसे, आणि मी घेतलं तर उठून कामाला लागे. मग मीही घेणं सोडलं.

आता लिलावाचं. एकदा डिचोलीला दुपारच्या सुट्टीत फोन चाळताना एक जुनी कापडी टोपी दिसली. खाली लिहिलं होतं, गोव्याहून आणलेली, हिप्पी काळातली. काठ लुगड्याचा. माझ्या हातातला उंड्या पावाचा तुकडा तसाच राहिला. आईचं सगळं समुद्रात गेलं होतं, पण तिने विकलेलं तर गेलं नव्हतं! ते विमानात बसून गेलं होतं, कुठल्या कुठल्या थंड गावांतल्या कपाटांत पडलं होतं, आणि त्या बायका आता म्हाताऱ्या होऊन मरत होत्या. त्यांची पोरं कपाटं रिकामी करत होती.

ती टोपी आईची नव्हती. विकणाऱ्याला मी लिहिलं, डाव्या कानाच्या वरचा आतला भाग उलटा करून फोटो पाठवा. त्याने पाठवला, वर विचारलं, बाई, तिथे काय शोधताय? टाका नव्हता. पण त्या दिवसापासून मला तो नाद लागला तो लागलाच. गोवा, हरमल, समुद्र, हिप्पी, असे शब्द घालून शोधायचं, बोली लावण्याआधी आतल्या शिवणीचे फोटो मागायचे. काही विकणारे चिडायचे. काहींनी मला वेडी ठरवलं असणार. फोटो न पाठवणाऱ्यांच्या वस्तू सरळ घेऊन टाकायच्या, कारण न जाणो. अशाच आल्या त्या फेल्टच्या टोप्या, जाळीवाल्या टोप्या, एक सोला हॅट, भरतकामाची जाकिटं, मण्यांचे झगे. कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा भरली. खरं सांगायचं तर त्यातल्या काही मला आवडायलाही लागल्या. परक्या माणसाच्या घामाचा पिवळा पट्टा आत असलेली टोपी हातात घेतली की वाटायचं, हिला कुणी शोधत नाही वाटतं.

आतेला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी पोरगी नोकरी करते, चैन करते, करू दे. तिची अट एकच. मेल्या माणसांचे कपडे, त्यातही डोक्यावरचं वस्त्र, तसंच घरात घ्यायचं नाही. पार्सल सोप्यावर उघडायचं, गोमूत्र शिंपडायचं, कापडाचं असेल ते धुवायचं, न धुण्यासारखं असेल त्याला कडक ऊन दाखवायचं, मग दारातून नाही, जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आत. मी हसत असे, पण मोडत नसे. ऐंशीच्या घरातल्या बाईशी टोपीवरून कोण भांडणार? शिवाय धुऊन फरक काय पडणार होता, त्या टोप्या तर परक्याच होत्या.

यंदा काजूच्या दिवसांत ती सापडली. युरोपातल्या एका गावातली मुलगी आपल्या वारलेल्या आईच्या वस्तू विकत होती. टोपीचा घेर आतून निळ्या चौकड्यांचा. फोटो मागितला तो तिने लगेच पाठवला, आणि लिहिलं, आईने तरुणपणी गोव्यात एका गावातल्या बाईकडून घेतली, शेवटपर्यंत बागेत हीच घालायची, आत कसलासा काळा दोरा अडकला आहे, त्याबद्दल माफ करा, हवं तर कापून पाठवते.

दोन उभे, एक आडवा, टोक मोकळं.

मी हापिसातल्या कपाटाआड उभी राहून तिला लिहिलं, कापू नका. पुन्हा लिहिलं, कृपा करून कापू नका. माझ्याशिवाय त्या टोपीवर कुणी बोलीच लावली नाही. आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. माझ्या आईच्या हातची टोपी, आणि जगात दुसऱ्या कुणालाही नको!

पार्सल येईपर्यंत मी फोनवर तो फोटो किती वेळा मोठा करून पाहिला त्याला गणती नाही. पण फोटोला हात लावता येत नाही. मला तो दोरा बोटाला टोचायला हवा होता. एवढंच हवं होतं, दुसरं काही नाही. आईच्या बोटांनी ओढलेली, गाठ मारलेली जगातली एकुलती एक गोष्ट. आतेला सांगावं, ही टोपी धुऊ नको, असं मनात येई. पण मग कारण सांगावं लागलं असतं, म्हणजे ते नाव घ्यावं लागलं असतं. म्हटलं, पार्सल येईल त्या दिवशी मी घरी राहीन, आपण होऊन सोप्यावर उघडीन, प्रश्नच नाही.

ते ठरल्या दिवसाच्या आधीच आलं. आमच्याकडे हिशेब तपासणीस आले होते, फोन टेबलाच्या खणात. घरी पोचले तेव्हा अंगणात काजूचे बोंडू पसरलेले, सगळीकडे तो गोडसर आंबूस वास, आणि दोरीवर टोपी वाळत होती. मी चपला न काढता धावले. ओली होती. उलटी केली. डाव्या कानाच्या वर बोट फिरवलं. बोट सरळ गेलं. कापडाला फक्त सुईची भोकं होती, तीही पाण्याने मिटत आलेली.

“आते, हातूर दोरो होतो तो खंय?”

ती सोप्यावर बसून पाय चोळत होती. मोठ्या कौतुकाने म्हणाली, “तुयां बगलंस तर! धुताना माज्या हाताक लागलो. काळो दोरो, गो, वाकडो, आतसून शिवललो. कोणीतरी केलला ता. मेल्याचा वस्त्र, परमुलखातला, आणि आत काळो दोरो! माजा काळीजच हाल्ला. टाचणीन काढलंय, मीठ-मोहरी-मिरच्यो ओवाळलंय आणि न्हाणयेच्या चुलीत घातलंय. आता भिया नको.”

मी ओरडले. आयुष्यात तिच्यावर इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि मान खाली घालून परत गेली, ते आठवतं. मी म्हटलं, ती करणी नव्हती. तो माझ्या आईचा टाका होता. दृष्ट लागू नये म्हणून ती घालायची. मी वर्षानुवर्षं तोच शोधतेय, ह्या सगळ्या टोप्या त्याच्यासाठी आहेत. तुम्ही लोकांनी तिचं सगळं टाकलंत, एक दोरा उरला होता जगात, तोही तू जाळलास.

आते पाय चोळायची थांबली. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. मी टोपी घेऊन खाली बसले. मला वाटलं, ही आता कुणाचीही आहे. कपाटातल्या इतर टोप्यांत मिसळली तर उद्या ओळखूसुद्धा येणार नाही. निळ्या चौकड्या काय, कुठल्याही दुकानात मिळायच्या.

बऱ्याच वेळाने न्हाणीकडून आवाज आला म्हणून उठले. आते चुलीपुढे उकिडवी बसली होती. तिला गुडघ्यांमुळे तसं बसता येत नाही, कित्येक वर्षांत बसली नव्हती. चुलीतली राख तिने सुपात ओढली होती आणि बोटांनी चिमूट चिमूट चाळत होती. राख अजून कोमट असणार. करपलेल्या मिरच्यांचे देठ तिने एका बाजूला काढून ठेवले होते. अस्थी वेचताना माणसं जसं वाकून बघतात तशी ती बघत होती.

“केदो होतो गो?” तिने विचारलं.

मी नखाएवढं माप दाखवलं.

ती पुन्हा चाळू लागली. मग वर न बघता म्हणाली, “हरमलाक तिचा सगळा दर्यात मीच सोडलंय. तुजो पिवळो झगोय मीच काढलंय अंगातलो. दुसऱ्या कोणाचो हात होयना. तू वाचाक होयी होतंस.”

मी जगावी म्हणून ते तिनेच केलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्याशिवाय या जगात माझं कुणी नाही हेही त्याच क्षणी कळलं. मी तिच्या शेजारी बसले आणि सुपातली राख चाळायला लागले. त्यात काही नव्हतं. कापसाचा दोरा तो, मिरच्यांच्या आधीच जळून गेला असणार, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. तरी आम्ही दिसेनासं होईपर्यंत चाळत होतो.