केंड फुगतो तेव्हा

मालवणच्या समुद्रात, पाण्याखाली, आमच्याच होडीतले एक गृहस्थ माझ्यासमोर एका माशाला बोटाने टोचत होते. मुठीएवढा केंड होता तो, खडकाच्या कपारीत कोंडलेला. टोचलं की तो पाणी गिळायचा आणि आणखी फुगायचा. शेवटी त्याचा काटेरी चेंडू झाला. डोळे बटबटीत, इवलेसे पंख नुसते फडफडताहेत. गृहस्थांनी तो चेंडू तळव्यावर घेतला आणि दुसऱ्या हातातला कॅमेरा त्याच्यावर रोखला.

"सोडा त्याला!" मी ओरडले. पण तोंडात हवेची नळी असली की ओरडण्याचे नुसते बुडबुडे होतात. त्यांना वाटलं, मी दाद देतेय. त्यांनी खुशीत मान डोलावली.

केंड हौसेने फुगत नाही हो! जिवावर बेतलं की फुगतो. आणि आपल्याला नेमकी ती भीतीच गोड वाटते. मुखवटा दाखवून तान्ह्या बाळाला रडवायचं आणि ते रडणं मोबाईलवर टिपायचं. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याला हसायचं. जमिनीवर तरी आपण कुठे वेगळे असतो?

होडीत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "भीतीने मरत होता तो."

"अहो ताई, जराशी गंमत. सोडला की नंतर!" म्हणत त्यांनी व्हिडिओच पुढे केला. फुगलेला केंड, त्याच्यामागे मी, आणि माझ्या ओरडण्याचे चंदेरी बुडबुडे उन्हाकडे चाललेले.

त्यांची बायको वाकून बघत म्हणाली, "अय्या, किती गोड! आणि तुमचे बुडबुडे काय मस्त आलेत!"