आपट्याचे साक्षीदार

शांतवन मास्तरांशी वाद घालणं ही पनवेलच्या बाजारातली फुकटची करमणूक होती. देश स्वतंत्र झाला, मिशनचा गोरा साहेब बोटीनं मायदेशी गेला, बंगल्याला कुलूप लागलं. त्या ख्रिस्ती मंडळीतलं गावात उरलं कोण? एक मास्तर आणि दुसरी त्यांची बायको कृष्णाबाई. मूलबाळ नाही, आगापीछा नाही.

मास्तर दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. नावसुद्धा तिथलंच. काम उपदेशकाचं. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि कोटाच्या खिशात गुळाचे खडे. वाडीवस्तीवर जायचं, प्रभूची गोष्ट सांगायची, मग प्रश्न विचारायचे. सगळ्यांनी एका सुरात बरोबर उत्तर दिलं की गूळ. चुकलं तर "नीट आठव बरं" म्हणून पुन्हा तोच प्रश्न. माणूस लाखातला, पण पुस्तक उघडून बसला की उठायचं नाव नाही. आजाऱ्याच्या उशाशीसुद्धा अख्खा अध्याय! कृष्णाबाई म्हणायची, "अहो, त्याला औषध हवंय, परीक्षेला नाही बसायचंय."

कृष्णाबाई तोंडानं फटकळ, पण हाताला यश. आसपासच्या गावांत कुठे बाई अडली की आधी तिला बोलावणं यायचं.

रविवारी उपासना आटोपली की मास्तर गुप्ते वकिलांच्या ओटीवर जायचे. उपासना म्हणजे काय, तर नवरा वाचणार आणि बायको ऐकणार. ओटीवर मात्र माणसं जमायची, म्हणून तर जायचे बिचारे. वकील सुपारी कातरत सुरुवात करायचे. "काय मास्तर, तुमच्या प्रभूची कबर रिकामी झाली, ती पाहिली कुणी? चरित्रं चार. एकात दोन बाया गेल्या, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात घोळका, चौथ्यात एकटी मरीया. देवदूत एक की दोन, त्याचाही मेळ नाही. असे साक्षीदार घेऊन मी उभा राहिलो तर मॅजिस्ट्रेट मलाच आत टाकेल हो!"

ओटी हसायची. मास्तर लालबुंद होऊन जुळवाजुळव करायचे. आधी एकटी गेली असेल, बाकीच्या मागून आल्या असतील, एक देवदूत आत असेल आणि एक बाहेर. "ठिगळं लावताय तुम्ही," वकील म्हणायचे. मास्तर घरी येऊन धुसफुसायचे, तर कृष्णाबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "बायका गेल्या एवढं तर चौघंही सांगतात ना? मग झालं. त्या वेळी पुरुष कुठे लपले होते, ते विचारा तुमच्या वकिलाला."

आणि असं बोलणारी बाई एका दिवाळीनंतर गेली.

झालं असं. आपटा गावच्या कातकरवाडीतला शुक्रा गाडी घेऊन आला. त्याची बायको गोदा अडली होती. कृष्णाबाई तशीच उठून गेली. गोदा सुटली, पोर रडलं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला कृष्णाबाईला हीव भरलं, ताप चढला, आणि उजाडता उजाडता ती शुक्राच्या झोपडीत संपली. निरोप आला तेव्हा मास्तर दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून ते धावले. पाताळगंगेच्या काठाला तिला माती दिली, प्रार्थना म्हटली आणि घरी आले. घरात मांजरानं सुकटीचं मडकं कलंडवलं होतं. ओटीपासून चुलीपर्यंत सुकटच सुकट. मास्तरांनी ती निमूट झाडून काढली आणि भिंतीला टेकून बसले.

मग सुरू झालं ते एकटेपण. भात शिजवायचा तर दोघांचा शिजायचा. रविवारी वाचायला बसावं, तर समोर कुणी नाही. पुस्तक मिटून ठेवावं, तर दिवस ढळता ढळत नाही. आणि एकच गोष्ट मनात किड्यासारखी कुरतडत होती. ताप तिन्हीसांजेला चढला. शुक्राची गाडी दारात होती. पनवेल काय सातासमुद्रापार आहे? मग मला का नाही बोलावलं? तिनं माझं नावच काढलं नाही की काय?

मास्तर आपट्याला गेले. शुक्रा म्हणाला, "पेज मांगली तिनं. दोन घोट घेतली, मंग पडून ऱ्हायली." गोदा म्हणाली, "नाय, माज्या पोराचं डोकं चाचपत व्हती. गाणं बोलत व्हती तुमचं देवाचं." शुक्राचा बाप चांगो म्हणाला, "कायच नाय बोलली. कण्हत व्हती निस्ती."

तिघांच्या तीन तऱ्हा, आणि मास्तरांचं नाव एकातही नाही. हाडीमाशी खिळलेली सवय सुटते थोडीच? ते म्हणाले, "नीट आठव बरं. माझ्याबद्दल काही बोलली?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोदा हळूच म्हणाली, "बोलली असंल." मास्तरांचा हात आपोआप खिशात गेला आणि तिच्या तळहातावर गुळाचा खडा पडला.

पुढच्या खेपेला शुक्रालाही आठवलं. त्याच्या पुढच्या खेपेला चांगोलाही. शिमग्याच्या सुमाराला तिघं एका सुरात सांगू लागले, "बाय बोलली, मास्तरला सांगा, मी प्रभूच्या घरी जाते, शोक करू नका." मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

आणि हे सुख कुणाला सांगायचं? गेले वकिलांकडे. "पाहा, तिघे साक्षीदार. शब्दाला शब्द जुळतो!"

वकिलांचा अडकित्ता थांबला. त्या दिवशी ते हसले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "कृष्णाबाई 'शोक करू नका' असं कधी बोलली होती का हो? हे तर तुम्ही मयताला बोलता. तीन माणसं तीन तऱ्हेनं सांगतात तेव्हा त्यांच्याशी भांडता येतं. तिघं शब्दाशब्दाला जुळले की आम्ही एकच म्हणतो, पढवलेत." मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "रागावू नका."

मास्तर रागावले नाहीत. रागवायला अंगात बळ तर हवं! घरी येऊन त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. पेज मागणारी कृष्णाबाई, पोराचं डोकं चाचपणारी, नुसती कण्हणारी, तिन्ही खऱ्या होत्या. गुळाच्या खड्यांनी आपण त्या तिघींना पुसून टाकलं आणि त्यांच्या जागी एक उपदेशक उभा केला. तिच्या शेवटच्या रात्रीतलं आता काहीच हाती उरलं नव्हतं.

वैशाखात ते एकदा नदीकाठी तिच्या मातीपाशी बसले होते. गोदाची आई ठकी तिथे आली. बाळंतपणाला झोपडीत तीही होती, पण माती दिल्यावर लगेच कोळशाच्या भट्टीवर गेली होती, ती दोन दिवसांपूर्वीच परतली होती. मास्तरांनी तिला काहीच विचारलं नाही. हिंमतच नव्हती. ठकीच टेकली आणि म्हणाली, "मास्तर, पोरांनी तुला खरं नाय सांगितला. तुला वाईट वाटंल म्हून. गाडी जुपली व्हती शुक्रानं. तिनंच थांबवली."

"कृष्णाबाईनं?"

"हां. बोलली, नका बोलवू मास्तरला. तो येल, पुस्तक उघडंल आन वाचत बसंल. मना झोपू द्या जरा. सकाळी बोलवा." ठकीनं नदीकडे पाहिलं. "आन बोलली, सुकटीच्या मडक्यावर दगड ठेवाचा ऱ्हायला. मांजर सांडंल. सकाळी त्याला सांगा."

मास्तरांच्या तोंडून हसू फुटलं, आणि त्याच हसण्याचं रडू कधी झालं ते त्यांना कळलं नाही. सांडलेल्या सुकटीची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. पण ती खूण नसती, तरी त्यांना पटलं असतं. हा आवाज कुणाला पढवता येणार? ही तीच होती, नखशिखांत तीच.

"लागला ना मनाला?" ठकी म्हणाली.

"लागलं," मास्तर म्हणाले. हात सवयीनं खिशात गेला होता, तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

परतीच्या वाटेवर त्यांना त्या चार चरित्रांतल्या लाजिरवाण्या गोष्टी आठवत राहिल्या. पकडला जायच्या रात्री प्रभू व्याकूळ झालेला आणि शिष्य झोपलेले. ज्याच्यावर भिस्त, त्या शिष्यानंच तीनदा सांगितलेलं, मी ह्या माणसाला ओळखत नाही. पढवणाऱ्यानं हे आधी खोडलं असतं. वकिलांना सांगण्यासारखा मुद्दा होता. पण त्या रविवारी मास्तर ओटीवर गेलेच नाहीत.

घरी येऊन त्यांनी परसातला एक दगड धुतला आणि सुकटीच्या मडक्यावर ठेवला. मडकं केव्हाचं रिकामं होतं. मग ते चुलीपाशी तिच्या जागेसमोर बसले.

"नसतं वाचलं गं मी," ते म्हणाले.

मास्तरांनी उठून मडक्यावरचा दगड जरा सरळ केला.

"वाचलंच असतं," ते म्हणाले.