अक्काची एक जून

अक्का आज पहाटे गेली. ती नेमकी कधी जन्मली, हे कुणालाच धड माहीत नव्हतं.

साक्रीकडच्या आमच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांना एकच तारीख द्यायचे. एक जून. अक्काला तीच, मलाही तीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी ही थोरली बहीण सासरहून कायमची परत आली होती. बालवाडीचा कोर्स केला, आणि धुळ्याच्या एका संस्थेत शिक्षिकांच्या जागा निघाल्या. मार्चअखेर वयाची तिशी उलटलेली चालणार नव्हती. एक जूनच्या हिशोबाने अक्का जेमतेम बसत होती.

इतक्या खुशीत मी तिला परत कधी बघितलं नाही.

यादी लागली. अक्का वयात बाद.

संस्थेत नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. ऑपरेटरने स्प्रेडशीटमध्ये १/६ टाईप केलं. पण ते मशीन आधी महिना वाचायचं, मग दिवस.
छापून आलं, सहा जानेवारी. म्हणजे मार्चआधीच तिशी पार.

दुसऱ्या गावांचे पंधरा ऑगस्टवाले वाचले. पंधरावा महिना नसतोच, म्हणून मशीनने ती तारीख साधा मजकूर समजून जशीच्या तशी ठेवली.

अर्धी यादी सहा जानेवारीला जन्मलेली, आणि ऑफिसात कुणाला काहीच वाटलं नाही. आमच्याकडची अर्धी पोरं एकाच दिवशी जन्मतात, हे त्यांच्या सवयीचंच.

अक्का शाळेचा दाखला घेऊन गेली. साहेब म्हणाले, पंधरा ऑगस्टवाल्यांच्या तारखा बरोबर आहेत, मग कॉम्प्युटर तुमच्याच बाबतीत कसा चुकेल?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धुळ्याला निघाली. पिशवी खांद्याला, दाखला पिशवीत.
आईने चुलीपाशी बसून विचारलं, जानेवारी म्हणजे कोणता महिना? मी म्हणालो, पौष.

आई सहज बोलून गेली, “मंग बराबर शे ना. पौषमाच झायी तू. कपाशी येचीसन घर वनू, आनि तू झायी.”

म्हणजे अक्का खरंच पौषातली. ती उंबऱ्यातच बसली.

“आते मी कोनसंगे भांडू?”

पिशवी खुंटीला गेली ती गेलीच. दाखल्याप्रमाणे हक्क तिचाच होता. पण खोट्या तारखेसाठी भांडायचं तिच्याने होईना.

पुढे मी कॉम्प्युटर क्लास लावला. सुरुवातीलाच शिकवलं, तारखा टाकायच्या आधी रकान्याचा फॉरमॅट ठरवायचा.
दोन बटणांचं काम.

तेवढ्यासाठी अक्का माझी पोरं सांभाळत, माझ्या घरची भांडी घासत म्हातारी झाली. दुसऱ्यांच्या पोरांना बाराखडी शिकवायची राहूनच गेली. मला याची चीड येते. आजही येते, आणि त्या चिडीचं काही करता येत नाही.

दुपारी मृत्यूची नोंद करायला गेलो. क्लार्कने जन्मतारीख विचारली.
मी म्हणालो, एक जून.

त्याने टाईप केलं आणि तपासायला स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

एक जून.
या वेळी बरोबर आलं.

जा अक्का. आता कुणाशी भांडायचं राहिलं नाही.