चाळिसावी मंजुरी

ऑफिसात तिला सगळे 'पुरावाताई' म्हणत आणि तिला ते मुळीच आवडत नसे. पण नाव पडायचं ते पडतंच. वर्षातून एकदा ऑडिटर यायचे, बिलांच्या ढिगातून चाळीस बिलं उपसायचे आणि विचारायचे, "खर्च करण्याआधी याला होकार कोणी दिला होता? दाखवा." होकार देणारे मोकळे. कोणी जिन्यात नुसती मान हलवलेली, कोणी फोनवर 'करून टाका' म्हटलेलं. आता विचारलं की कानांवर हात! बिल पास करायला दोन मिनिटं, त्यामागचा होकार शोधायला दोन आठवडे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, आणि एखादी करपली तर बोलणीही हिलाच.

पूर्वी या कामात सोबत तरी असायची. चार वाजता रोखपाल काका चहाचे दोन कप घेऊन येत आणि तिला छळत, "बायकोने सकाळी भाजी आणायला सांगितलीय, तोंडी. चालेल ना तुझ्या ऑडिटरला?" तो चहा तिने आठ महिन्यांपूर्वी बंद केला. तिची आई गेली, तिसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि अख्ख्या मजल्यावर एकाच्याही तोंडून सांत्वनाचा शब्द निघाला नाही. काका तर नेहमीसारखी चेष्टा करत होते! तिचं मनच विटलं. घरी बोलायला कोणी उरलं नव्हतं, इथे बोलावंसं वाटेना. कित्येक दिवस असे जात की दिवसभरात ती फक्त 'त्या बिलाची मंजुरी मिळेल का?' एवढंच बोललेली असे.

यंदा एकोणचाळीस कागद जमले. चाळिसावा, शीतगृहाच्या यंत्राच्या दुरुस्तीचा, काही केल्या सापडेना. न मिळाल्यास 'मंजुरीविना खर्च' असा शेरा बसणार, तोही तिच्या नावावर. चोर सोडून संन्याशाला सुळी. तिने पुन्हा एकदा बिलाची तारीख पाहिली आणि तिला आठवलं. आई गेली तो दिवस. दवाखान्याच्या बाकावरून तिनेच साहेबांना निरोप पाठवले होते.

फोनमध्ये ते सापडले. "साहेब, आई पहाटे गेली. आज येत नाही. बाकीच्यांना सांगाल का?" तीन मिनिटांनी, शीतगृहातून तिला फोन आल्यावर, तिचाच दुसरा, "शीतगृहाचं यंत्र बंद पडलंय, दुरुस्तीला मंजुरी हवी." त्याखाली साहेबांचं उत्तर, लगेच आलेलं. "मंजूर." पुढे काही नाही.

वरचा निरोप कापून टाकावा असं तिला वाटलं. पण ऑडिटरांचा नियम कडक. पान पूर्ण हवं आणि मंजुरी देणाऱ्याने त्यावर सही करून द्यायला हवी. पान छापून ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब वाईट नव्हते, कायम घाईत असत. 'मंजूर'च्या शेजारी त्यांनी सही ठोकली. कागद परत देताना नजर वरच्या निरोपावर गेली असावी आणि 'आई' तेवढा एक शब्द दिसला असावा. आपुलकीने म्हणाले, "आई बऱ्या आहेत ना आता?"

"हो," तिच्या तोंडून निघून गेलं.

बाहेर आल्यावर तिला सगळं उमगलं. साहेबांनी पहिला निरोप वाचलाच नव्हता, मग ते सांगणार कोणाला? ज्यांच्यावर ती आठ महिने रुसून बसली होती त्यांना काही ठाऊकच नव्हतं. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. इतक्या उशिरा हे आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

ऑडिटरांनी कागद घेतला, तारीख आणि वेळ तपासली, खूण केली. "वा, चाळीसच्या चाळीस!"

ती तिथून थेट रोख खिडकीपाशी गेली. काका मान खाली घालून पावत्या लावत होते.

"काका, माझी आई गेली."

काका ताडकन उठले. "अगं! कधी? मग तू इथे काय करतेस?"

"आठ महिने झाले."

काका हळूच खाली बसले.

"आणि मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं," ते म्हणाले. "तुला विचारायचा धीरच झाला नाही गं."