धम्मदिनाची सावकाश फेरी

भिवंडीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये धम्मदिना भालेराव एकवीस वर्षं लोकांचं रक्त काढत होती. शाळेत असताना ती अंजूरहून रोज सायकलने शहरात यायची. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती. पन्नाशी उलटल्यावर तिच्या मनाने घेतलं, की चार बायकांनी मिळून एका रविवारी सायकलींवर शहर हिंडावं. घाई नाही, शर्यत नाही. वऱ्हाळा तलावापाशी जमायचं, कापडाच्या लूमच्या गल्ल्यांतून रमतगमत खाडीपर्यंत जायचं, वाटेत चहा घ्यायचा आणि परतायचं.

लॅबच्या काउंटरवरची रीमा तयार झाली, क्लासमध्ये शिकवणारी प्राजक्ताही. पण सगळ्यांत आधी हो म्हणाली ती सरू. ती वडप्याजवळच्या आदिवासी पाड्यावरची, गोडाऊनात खोकी भरणारी. मुलीच्या रक्ततपासणीला ती सायकलवरच आली होती, तेव्हाची ही ओळख.

"कामाला न्हाय जायाचा? नुसता फिराचा?" तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

आधीच्या रविवारी धम्मदिना एकटीच रस्ता बघायला निघाली. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, ते वहीत लिहायचं होतं. दुसऱ्याच नाक्यावर एक ट्रेलर वळला. त्याची मागची चाकं कोपरा कापत तिच्या अंगावर आली. ती सायकलसकट एका बंद शटरला चिकटून उभी राहिली. हँडलला घासून ट्रेलर निघून गेला. ड्रायव्हरला पत्ताही नव्हता. पाळी संपवून निघालेला एक लूमवाला थांबून म्हणाला, "मॅडम, आप लोग यहाँ मत चलाओ. इनको दिखता नहीं."

तिने सीटवर बसायचा प्रयत्न केला. जमेना. शेवटी सायकल हातात धरून ती चालत घरी आली. वहीत एकही ओळ नव्हती.

मग तिने फेरी रद्द केली. गुडघा दुखतोय, असं सांगितलं. रीमा लगेच म्हणाली, काही हरकत नाही. प्राजक्ता म्हणाली, बरं झालं ताई, घरी नकोच म्हणत होते. दोघींच्या आवाजातली सुटका धम्मदिनाला स्पष्ट ऐकू आली, आणि तिला जास्त लागलं ते तेच. सरूचा फोन काही लागला नाही. नवरा तो कामावर घेऊन जायचा.

म्हणून ठरल्या दिवशी ती रिक्षाने तलावापाशी गेली. सरू आधीच आली होती. सायकल धुतलेली, केसांत अबोलीचा गजरा. रविवारची ड्युटी तिने दुसरीला दिली होती.

"बाकीच्या कवा येतील?" तिने विचारलं.

धम्मदिनाला गुडघ्याची थाप मारवेना. तिने ट्रेलरचं सांगितलं, भीती वाटली तेही सांगितलं. या रस्त्यांवर तुम्हाला घेऊन जाणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणाली.

सरूने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही.

"मी त रोज हायवेनं जातंय, ताई," ती म्हणाली. "जाऊ नको म्हनून मना कोनी बोलला न्हाय."

चहा तरी घेऊ, धम्मदिना म्हणाली. सरू म्हणाली, नको. आत्ता निघाले तर अर्धी ड्युटी मिळेल. तिने पदर खोचला आणि सायकलवर टांग टाकली. वळणावर दोन कंटेनर उभे होते. त्यांच्या मधल्या फटीतून ती पलीकडे गेली.

त्या आठवड्यात धम्मदिनाने सरूला फोन करायचं तीनदा मनात आणलं. नीट पोचलीस का, एवढंच विचारायचं होतं. पण सरू उलट विचारेल, पुढच्या रविवारी जायचं का, या धास्तीने तिने तो केलाच नाही. पुढे सरूचा नंबर बदलला. सायकल धम्मदिनाने जिन्याखाली लावून टाकली, आणि लॅबचं दार उघडून कुणी बाई आत आली की ती आधी तिचा चेहरा बघायची.