पहिला ग्लास आणि तिसरा

बाळोबा जगतापांनी आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नाही, आणि इंदुरात दारूची पारख त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नव्हती. थेंबभर दारू ते डाव्या तळहातावर घ्यायचे, उजव्या तळव्यानं चोळायचे, हात सुकू द्यायचे आणि मग ओंजळ नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. दारू उडून गेली की मागं राहतो तो धान्याचा वास, आणि तो खोटं सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. "जिभेला लालूच असते रे सदू," ते मला सांगायचे, "नाकाला नसते. जे विचारायचं ते नाकाला विचारावं."

त्यांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः, तिघंही संस्थानच्या आबदारखान्यात होते. राजवाड्यातलं पिण्याचं पाणी, सरबतं आणि विलायती बाटल्या, सगळ्यांची कोठी म्हणजे आबदारखाना. त्या घराण्यात एक रिवाज होता. कोठीची किल्ली हाती यायच्या आधी खजराण्याच्या गणपतीसमोर शपथ घ्यायची की मी चाखणार नाही. त्यामुळे तीन पिढ्यांनी सगळं काम नाकावर केलं. पारख करायची असेल त्या दिवशी बाळोबाकाका कांदा खात नसत, पानाला शिवत नसत, अत्तराचा फाया लावलेल्या माणसाशेजारी बसत नसत. काम झालं की बेसनानं हात धुवायचे आणि घरी यायचे.

रामबागेत आमचं घर त्यांच्या समोरच होतं. ते आमच्याकडे आले की उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच आईला सांगायचे, "वैनी, डाळ खाली लागतेय बरं का." आई आत धावायची. दर वेळी डाळ लागायलाच आलेली असायची. आई वैतागून म्हणायची, "भावजी, तुमच्या नाकाला जरा घरी ठेवून येत जा."

संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं राज्य झालं, आबदारखान्याला कुलूप लागलं. पेन्शन मिळायची ती नावाला. मग सियागंजातले चहाचे व्यापारी त्यांना बोलावू लागले. पेटी उघडायची, मूठभर चहा हातावर घ्यायचा आणि सांगायचं की ही पेटी कुठं भिजली, हिच्यात जुना माल किती मिसळलाय. "भिया, ये क्या उठा लाए? इसमें तो पिछले साल का माल है," असं ते मालकाच्या तोंडावर सांगायचे. मालक हसून पेटी परत पाठवायचा. सियागंजात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्याच वजनावर त्यांची चूल चालत होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, एका क्लबात कारकून. बाटल्यांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे. क्लबाचे अध्यक्ष मोठ्या घराण्यातले, बोलायला गोड आणि अपमान विसरायला अवघड. त्यांची एक महागडी, धुराच्या वासाची स्कॉच त्या कपाटात त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली असायची. ते तीन महिने दौऱ्यावर गेले आणि मी ती बाटली प्यायला लागलो. याला एखादं सुंदर कारण आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. नाही सापडत. काय असतं ते बघावं म्हणून एक दिवस घोटभर घेतली, मग आवडली. तीन महिन्यांत तळाला बोटभर उरली.

त्याच सुमारास महूच्या एका व्यापाऱ्यानं क्लबाला आयर्लंडच्या व्हिस्कीच्या दोन बाटल्या नमुना म्हणून पाठवल्या. नुसत्या जवाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, एकाच भट्टीतली, आणि स्कॉचच्या निम्म्या किमतीत. कमिटीतल्या लोकांनी नाकं मुरडली. स्वस्त आहे म्हणजे भिकार असणार, हा त्यांचा हिशेब. शेवटी ठरलं की अध्यक्षसाहेब आले की रविवारी दुपारी चाखून बघायची. शेजारी साहेबांची स्कॉच आणि एक देशी व्हिस्कीही ठेवायची. निवाडा कुणी करायचा? तर मीच छाती पुढे काढून बाळोबाकाकांचं नाव सुचवलं होतं. साहेबांनी दौऱ्यावरूनच कळवलं होतं, "म्हातारा पास झाला तर कोठीवर कायमचा ठेवू."

काकांना मी ही बातमी सांगितली. संध्याकाळी त्यांच्या सूनबाईंनी आईला सांगितलं की मामंजींनी ट्रंकेतून दरबारचा जुना अंगरखा काढून उन्हात टाकलाय.

शनिवारी दुपारी चोरी झाकायला मी साहेबांच्या बाटलीत नमुन्यातली आयर्लंडवाली ओतली. रंग तोच, चिठ्ठी तीच. कमिटीतल्या एकालाही फरक कळणार नाही याची मला खात्री होती, आणि ती खरी ठरली. बाळोबाकाकांचं काय, हा विचार आला होता. आला नव्हता म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. पण इतकं कुठं कळतंय, असं म्हणून मी बूच लावलं.

रविवारी टेबलावर तीन सारखे ग्लास ठेवले. कुठल्यात काय, याची चिठ्ठी साहेबांच्या खिशात. कमिटीच्या चौघांनी आधी चाखलं. तिसऱ्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. "वा, स्कॉच ती स्कॉच," एकजण म्हणाले. पहिला ग्लास त्यांना "पाणचट" लागला होता.

मग काका पुढं आले. पहिल्या ग्लासातला थेंब चोळला, हात सुकू दिले, डोळे मिटले. "नवीन आलेली ती ही. ओल्या जवाचा वास आहे, मग मध, मागून कच्च्या सफरचंदाची साल. धूर बिलकुल नाही. साध्या घरची आहे, पण अंघोळ करून आलीये साहेब. या किमतीत घ्याच." दुसऱ्या ग्लासाला त्यांनी फार वेळ दिला नाही. "ही साखरेच्या मळीची. रंग घातलाय."

तिसऱ्याला मात्र ते थांबले. पुन्हा चोळलं. बेसनानं हात धुऊन आले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"साहेब," ते म्हणाले, "पहिली आणि तिसरी एकच आहे. तिसरीत फक्त बोटभर धुराची मिसळलीये."

साहेबांनी खिशातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. ते आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. माझी स्कॉच आणि ही स्वस्तातली एक? चौघांनी चाखून वाहवा केली ती काय उगीच? त्यांनी मला विचारलं, "सदाशिव, ग्लास तूच भरलेस ना? अदलाबदल झाली नाही?"

"नाही साहेब. तिसरा तुमच्याच बाटलीतून भरला."

शब्दाला शब्द खरं होतं. आजही ते वाक्य आठवलं की माझी मान खाली जाते. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सांगतोय म्हणजे तसंच असणार, असा विश्वास होता त्या बघण्यात. "बुढ्ढे की नाक गई," साहेब कमिटीला म्हणाले, आणि चहा मागवला.

घरी येताना आम्ही कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत आलो. पुलावर काका थांबले. अंगरख्याचे बंद सोडले आणि विचारलं, "सदू, तू घरचा आहेस. खरं सांग. माझं नाक गेलं का रे?"

तिथं पुलावर आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हते, कमिटी नव्हती. सांगून टाकायला काय हरकत होती? मी म्हणालो, "काका, वय झालं की होतं असं कधी कधी."

साहेबांचं वाक्य आठ दिवसांत सियागंजात पोचलं. तरी दोन व्यापारी जुन्या ओळखीनं बोलवायला आले. काकांनीच हात जोडले. "अब मेरे भरोसे माल मत लो भिया." त्यानंतर एकदा ते आमच्याकडे आले तेव्हा आत डाळ लागली होती. मला सुद्धा वास येत होता. ते उंबऱ्यावर उभे राहिले, एक श्वास घेतला, आणि आईला हळूच विचारलं, "वैनी, काही लागतंय का? की मलाच उगीच वाटतंय?" आईनं पदर तोंडाला लावला. मी जेवलो नाही त्या दिवशी. न जेवून काय होणार होतं म्हणा.

दोनेक वर्षांनी मध्यभारत मोडला आणि राजधानी भोपाळला गेली. तिथल्या एका कचेरीत माझ्यासाठी साहेब शिफारस लिहून देणार होते. जायच्या आधी मी काकांच्या ओसरीवर गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते शिव्या देतील, हाकलून देतील, एखादी ठेवून देतील, अशी माझी तयारी होती. खरं म्हणजे तशी आशाच होती.

ते बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे धूर होता तिच्यात?"

"होता काका. साहेबांची स्कॉच बोटभर उरली होती तळाला."

"बोटभरच म्हणालो होतो ना मी?"

"हो. बोटभरच."

ते हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले असतील. डोळे पुसले आणि आत हाक मारली, "सूनबाई, दूध उतू जाईल बघ." आतून भांडं उतरवल्याचा आवाज आला. माझ्यावर रागवायचं ते विसरूनच गेले होते. त्यांच्या आनंदानं मला जितकी लाज वाटली तितकी कुठल्याही शिवीनं वाटली नसती.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "सदू, नोकरीबिकरी आता नको मला. पण त्या चार माणसांत एवढं सांगशील? त्यांच्यासमोर झालं होतं ना ते."

"उद्याच सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेलो. साहेबांनी शिफारसपत्रावर सही केली, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल त्यात दोन ओळी होत्या. मी वाकून नमस्कार केला आणि पत्र घेऊन बाहेर आलो.

भोपाळला काकांची दोन पोस्टकार्डं आली. पहिल्यात शेवटी लिहिलं होतं, "आपलं ते काम झालं का?" मी कळवलं की साहेब दौऱ्यावर आहेत. दुसऱ्यात त्यांनी विचारलंच नाही. "नव्या जागेत कामं फार असतील, तब्येतीला जप," एवढंच. पावसाळ्यानंतर आईचं पत्र आलं की बाळोबा भावजी गेले, झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

त्या दुपारच्या टेबलाभोवतीचं आता कुणीच राहिलं नाही, साहेबही नाहीत. सांगायला उरलात ते तुम्ही, ज्यांनी बाळोबांना कधी पाहिलं नाही. तर त्यांचं काम तुमच्यासमोर करतो. पहिल्या आणि तिसऱ्या ग्लासात एकच व्हिस्की होती. तिसऱ्यात बोटभर धुराची मिसळलेली होती, आणि ती मी मिसळली होती. बाळोबा जगतापांचं नाक शाबूत होतं.